आबा घोड्यावर बसले तो दिवस

आबांना फसवून महाबळेश्वरला नेले, ही हकिकत खोटी आहे. आबांनी तेथे आयुष्यातले सर्वांत सुखाचे सहा दिवस काढले, ही हकिकतही खोटी आहे. पहिली आमच्या डाळज गावात सांगितली जाते, दुसरी आमच्या दादाच्या घरात. आणि दोन्ही ऐकून ऐकून मला सारखाच शीण आलेला आहे. त्या सहा दिवसांत आबांबरोबर मी होतो, दुसरे कोणीही नव्हते. असे असताना आजवर ते दिवस मला वगळून सर्वांनी सांगितले. आता मी साठी गाठली आहे, शाळेतून निवृत्त झालो आहे, आणि लग्नाच्या पंगतीत भर गर्दीत उभे राहून एखाद्याचे म्हणणे खोडून काढण्याइतका आवाज राहिलेला नाही. म्हणून लेखणीचा आधार घेतो. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. वाद घालायचा असेल त्याने घरी यावे, चहा मिळेल, माघार मिळणार नाही.

दादाच्या बाजूने एक पुरावा आहे, हे मी प्रथमच मान्य करतो. त्याच्या बैठकीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, आबांचा एक फोटो लावलेला आहे. पाचगणीच्या टेबललँडवर आबा घोड्यावर बसले आहेत. डोक्याला पिवळा पटका, अंगात पांढरी बंडी, उजव्या हातात लगाम, डावा हात बंडीच्या खिशात. मागे मोकळे पठार आणि त्यापलीकडे धुरकट डोंगर. पाहुणा आला की दादा त्या फोटोकडे बोट दाखवतो. भिगवणच्या खानावळीत मासे खाताना फोटो समोर नसला तरी त्याचे वर्णन करतो. "आमचा आबा म्हंजे, आरं, राजावानी बसलाय बग! आयुष्यभर मेंढरांमागं चालला, पर त्या दिशी घोड्यावर बसला. आन् हसतोय कसा!" समोरचा माणूस माशाचा काटा बाजूला काढीत मान हलवतो. मी मात्र तीस वर्षे सांगत आलो आहे की आबा त्या फोटोत हसत नाहीत. उन्हामुळे डोळे बारीक झालेले आहेत, इतकेच.

हे सर्व समजण्यासाठी त्या वेळचे आमचे घर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. आमचे वडील म्हणजे आबा, आणि त्यांचे वडील, दोघेही मेंढपाळ. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे, असे त्यांचे आयुष्य. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा हे चालणे थांबलेले होते. रानात पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, आणि दादा कारखान्याचा सभासद झाला. तरीही घरामागच्या जाळीच्या कुंपणात चाळीसेक मेंढरे राहिली होती. पहाटे उसाच्या ट्रॅक्टरचा घरघराट आणि मेंढरांचे बेंबाटणे एकाच वेळी सुरू व्हायचे, आणि त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी चंद्रीच्या गळ्यातली पितळी घंटी वाजायची. चंद्री म्हणजे पुढे चालणारी म्हातारी मेंढी. कपाळावर पांढरा ठिपका, आणि स्वभाव आमच्या आयसारखा, म्हणजे कोणाचे न ऐकणारा. आय चुलीपुढे हुलग्याचे माडगे ढवळीत असायची. ते पातळ, तिखट, गूळ घातलेले माडगे पितळीत ओतून, त्यात बाजरीची भाकरी कुस्करून आबा जेवत; मांडी घालून, जमिनीवर, तोंड नेहमी मेंढरांच्या दिशेला. जेवताना मेंढरांकडे पाठ केलेले मी त्यांना कधी पाहिले नाही.

माझी गोष्ट निराळी होती. मला आबांनीच मेंढरांपासून लांब ठेवले. मी बारामतीला खोली घेऊन शिकलो, पुढे बी.एड. झालो आणि नोकरीची वाट पाहत घरी बसलो होतो. मला व्याकरण येत होते. मेंढीचे खूर कसे तासायचे ते येत नव्हते. या अज्ञानाचा मला त्या वयात थोडा अभिमानही होता. या प्रकरणातला सगळा घोळ त्यातूनच झाला.

मेंढरे विकायचे ठरले, ते दादाने आणि मी मिळून ठरवले. गाव एकट्या दादाला दोष देते, तो अन्याय आहे. चराई उरली नव्हती. राहिलेली गवताची पट्टी उजनीच्या पाण्याकडे होती आणि तेथे जायला पुणे-सोलापूर रस्ता ओलांडावा लागे. आबांच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे मोतीबिंदूचा पडदा, आला होता. एके दिवशी ट्रकखाली पाच मेंढरे गेली आणि आबा हातभर अंतराने वाचले. त्या संध्याकाळी ते रस्त्याच्या कडेला बसून होते आणि पटक्याच्या टोकाने काठीवरचे रक्त पुसत होते. दादा मला म्हणाला, "हरी, म्हाताऱ्याला इचारलं तर तो मरंल, पर हो म्हणायचा न्हाय. तू त्येला कुठंतरी घिऊन जा. मी गुरवारच्या बाजाराला बारामतीला नेतो समदी. आल्यावर बगू." मी होकार दिला. मला कोणी गळ घातली नव्हती, धाकदपटशा दाखवला नव्हता. आयला आम्ही सांगितले नाही.

जेवणे झाल्यावर दादाने विषय काढला. "आबा, डाक्टर म्हणतोय, खोकला जायाला हवा बदलाया पायजे. हरीसंगं म्हाबळेश्वरला जाऊन या. वळखीचं लॉज हाय."

आबा टकळीवर लोकर कातत होते. टकळी थांबली नाही. "कंच्या दिशी जायचं?"

"सोमवारी."

"अन् माघारी?"

"शनवारी."

आबांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून एक एक करून फिरवला, मध्येच एका पेरावर जरासा थांबवला आणि म्हणाले, "बरं." एवढेच. आम्हा दोघा शहाण्या भावांना वाटले, काम फारच सोपे झाले.

बारामतीला गाडी बदलून, फलटण आणि वाई करीत आम्ही पसरणीच्या घाटाला लागलो. एसटीच्या खिडकीतून आबा वळणे पाहत होते. ज्या घाटातून त्यांनी शेकडो मेंढरे चालवत नेली, त्या घाटातून ते प्रथमच बसून जात होते. एका वळणावर म्हणाले, "हितं तुझ्या दादाला गोवर निघाली व्हती. घोड्यावर कोंबड्यांच्या शेजारी बांधला व्हता त्येला." मागच्या आसनावरचे एक कुटुंब हसले. मी कानकोंडा झालो. आज लिहिताना त्याचे मला वाईट वाटते, परंतु झालो हे खरे.

लॉजच्या खोलीत आबांची पिशवी मीच उघडली. दोन धोतरे, आयने दिलेली शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, आणि तळाशी जुन्या पटक्याच्या चिंधीत गुंडाळलेली चंद्रीची घंटी. वाजू नये म्हणून आतल्या लोळीभोवती लोकर कोंबलेली होती. मी ती हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. मला वाटले, म्हाताऱ्याला मेंढरांपासून सहा दिवसही राहवत नाही, म्हणून आठवणीला घंटी घेऊन आला आहे. आणि तिकडे आपण त्याची मेंढरे विकायला काढली आहेत. मी घंटी होती तशी गुंडाळून ठेवली. असा हा माझा अर्थ होता. बी.एड. झालेल्या माणसाचा अर्थ.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते कोणी विचारत नाही. जो माणूस काही लपवीत असतो, त्याला सहलीसारखी दमवणारी गोष्ट नाही. सकाळी एक पॉइंट, दुपारी दुसरा, संध्याकाळी वेण्णा तलाव. सगळीकडे भाजलेल्या कणसांचा वास, तांबड्या मातीने माखलेले घोडे, आणि दरीकडे तोंड करून स्वतःचे नाव ओरडणारी मंडळी. वेण्णा तलावात मी आबांना नावेत बसवले. नावाडी वल्ही मारीत म्हणाला, "बघा बाबा, केवढं पाणी!" आबा म्हणाले, "आमच्या उजनीचा हा एक पाट म्हणावा. अन् कोण म्हणायचं ह्येला पाणी? एक बी जनावर पितंय का ह्यातलं?" नावाडी हसला, आबा हसले नाहीत. मी गाजरे घेतली, स्ट्रॉबेरी घेतल्या. आबांनी एक स्ट्रॉबेरी खाल्ली, तोंड वाकडे केले आणि बाकीच्या शेजारच्या घोड्याला चारल्या.

जेवणाचे तर विचारूच नका. लॉजमध्ये थाळी होती. वाट्याच वाट्या, गोड आमटी, गोड कढी, फुगलेल्या पुऱ्या. पहिल्या दिवशी आबा खुर्चीवर चढून मांडी घालून बसले. वाढपी पोऱ्या नव्हता, चांगला मिशीवाला, थट्टेखोर गडी होता. "आजोबा, आणखी दोन पुऱ्या?" आबांनी ताटातली पुरी बोटाने दाबली. "आरं, ही पुरी हाय का फुगा? दाबली की निस्ती हवाच निघती." "मग चार घ्या, हवाबदलालाच आलात न्हवं?" आबा खळखळून हसले. त्या सहा दिवसांत ते खरोखर हसले ते त्या एका वेळी. आणि मी काय करावे? शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले, म्हणून मी हळूच म्हणालो, "आबा, पाय खाली सोडा." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मांडी मोडली आणि पाय खाली सोडले. पुढे प्रत्येक जेवणाला ते पाय खाली सोडूनच बसले आणि प्रत्येक जेवणातून अर्धपोटी उठले. खोलीत आल्यावर वाळलेली भाकरी चटणीशी खात. त्या वेळी मांडी घालून, खिडकीकडे तोंड करून. खिडकीबाहेर लॉजची मोरी आणि एक झाड एवढेच होते.

घोडेवाल्यांशी मात्र त्यांचे रोज खटके उडत. "बसा की आजोबा, घोडं लई गरीब हाय." "गरिबाच्या पाठीवर बसून मी कशाला पाप घिऊ?" किंवा, "तू बस, मी हाकतो. लई घोडी हाकल्यात म्या." मंगळवारी एका पॉइंटवरून त्यांनी मला खालची एक पायवाट दाखवली. "ती दिसती? तिनं आमी कोकणात उतरायचो. तुझी आय म्होरं, मागं मेंढरं, समद्यांच्या मागं मी." मला वाट दिसली नाही, पण दिसली असे म्हणालो. आबांच्या डोळ्यांत सारा होता आणि त्यांना ती दिसत होती.

बुधवारी सकाळी माझ्याने राहवेना. दुसऱ्या दिवशी बाजार होता. चहा पिताना मी मनाशी ठरवले की म्हाताऱ्याला घेऊन घरी जायचे; दादाशी भांडण झाले तर होऊ द्यावे. मी म्हणालो, "आबा, इथे तुमचं मन रमत नाही. दुपारच्या गाडीने निघू. दिवस मावळेपर्यंत घरी पोहोचू."

आबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "का? शनवारपतोर ठरलंय न्हवं?"

"ठरलंय, पण तुम्हाला इथलं जेवण—"

"जेवान झ्याक हाय. अन् घोड्यावर बसायचं ऱ्हायलंय की माझं."

दोन दिवस घोड्यांची टर उडवणारा माणूस! "घोड्यावर? तुम्ही?"

"व्हय. पर ह्या चढउतारावर न्हाय. पाचगणीला पठार हाय, तितं बसायचं. आमी मेंढरं बसवायचो त्या पठारावर."

आणि येथे मला माझ्याविषयी एक गोष्ट लिहिली पाहिजे, जी गावाच्याही हकिकतीत नाही आणि दादाच्याही नाही. मला सुटल्यासारखे वाटले. म्हातारा स्वतःच थांबतो म्हणतो आहे, आता मी काय करणार, असे मनाशी म्हणत मी दुसरा चहा मागवला. तो चहा मला गोड लागला.

पाचगणीला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. त्या विस्तीर्ण सपाट पठारावर वारा असा होता की पटक्याचे टोक सारखे तोंडावर येई. आबांनी घोडेवाल्याचा हात नाकारला, रिकिबीत पाय घातला आणि आपल्या बळावर वर चढले. चढताना त्यांच्या बंडीच्या खिशात काहीतरी दबका आवाज झाला, लोकरीत गुंडाळलेल्या धातूचा. घंटी त्यांनी पिशवीतून खिशात घेतली होती. डावा हात त्यांनी खिशात घातला तो शेवटपर्यंत काढला नाही. तेवढ्यात फोटोवाला आला आणि त्याने तो प्रसिद्ध फोटो काढला.

एक फेरी झाली. घोडेवाला म्हणाला, "उतरा आजोबा." आबा म्हणाले, "अजून एक." दुसरी झाली, तिसरी झाली. घोडेवाल्याला आरंभी गंमत वाटत होती, पुढे तो माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "सायेब, आजोबांची तब्येत बरी हाय ना? काई बघत न्हाईत, बोलत न्हाईत. घोडं दमलं वं माझं." मी आबांना खूण केली. त्यांनी घोडा थांबवला, उतरले, घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि घोडेवाल्याला म्हणाले, "पाणी दाव त्येला आदी." मग थोडा वेळ बसले, दुसरा घोडा घेतला, आणि पुन्हा फेऱ्या सुरू. दुपारची गाडी निघून गेली. उशिराची गाडी निघून गेली. सावल्या लांब झाल्या, मंडळी पांगली, आणि तो सत्तरीचा माणूस, ज्याने आयुष्यात जनावराच्या पाठीवर केवळ बिऱ्हाड लादले होते, त्या ओसाड पठारावर गोल गोल फिरत राहिला. अखेर खाली उतरताना त्यांच्या मांड्या थरथरत होत्या. मला म्हणाले, "आता गाडी न्हाय न्हवं घरची?"

"नाही."

"मंग चल जेवाया."

गुरुवारी आणि शुक्रवारी ते खोलीबाहेर पडले नाहीत. मांड्या दुखतात म्हणाले. दोन्ही दिवस टकळी फिरवत बसले आणि सोबत आणलेली लोकर संपली तेव्हा रिकामी टकळी फिरवू लागले. मी समजलो, घोडा बाधला.

शनिवारी संध्याकाळी डाळजच्या फाट्यावर उतरलो. दादा सामोरा आला होता. मेंढरे मामाच्या गावी चरायला पाठवली आहेत, असे काहीतरी त्याने तोंडपाठ करून ठेवले होते; ओठ हलत होते ते मला दिसत होते. ते बोलण्याची त्याच्यावर वेळच आली नाही. घर आले तेव्हा मागच्या बाजूला आवाज नव्हता. आबांनी तिकडे वळूनही पाहिले नाही. ओट्यावर आय उभी होती. तिने ना प्रवासाचे विचारले, ना खोकल्याचे. हात पुढे केला आणि म्हणाली, "आना."

आबांनी खिशातून घंटी काढली, लोकर उपसली आणि तिच्या हातावर ठेवली. आयने ती देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली. खुंटीवरचा कंदील तिने आधीच काढून ठेवलेला होता. मी मूर्खासारखे विचारले, "आय, हे काय?"

"काय म्हंजे? जनावर देताना घंटी देत न्हाईत आपल्यात. घरातनं निगायच्या आदी सोडून घेत्यात." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "तुला ठावं न्हवतं व्हय?"

मला ठाऊक नव्हते. घंटी सोमवारी पहाटेच सुटलेली होती. म्हणजे चंद्री आणि तिच्या मागची सगळी मेंढरे आबांनी सोमवारी पहाटेच मनाने देऊन टाकली होती, आणि नंतरचे सहा दिवस ते आम्हाला सवड देत होते. खुणेची वस्तू माझ्या हातात होती आणि मला ती वाचता आली नाही. मी तेव्हा बोललो असतो, निदान घंटी कशाला आणली एवढे विचारले असते, तर त्यांना त्या पठारावर तसे फिरावे लागले नसते. गाव म्हणते दादाने बापाला फसवले. त्यांना कोणीही फसवू शकले नाही. दादा म्हणतो बाप खूश होता. मला या दोन्ही हकिकती नकोत, कारण दोन्हींत मी कोठेच नाही, आणि मी तेथे होतो.

आबा ओट्यावर मांडी घालून बसले. आयने माडगे आणून ठेवले. त्यांनी ते तोंडाला लावले नाही. दादाकडे पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्यानंतर मरेपर्यंत त्या मेंढरांविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत.

"पाणी पाजून दिली का?"

दादा जरा थांबला. मग म्हणाला, "व्हय."

आबांनी माडग्यात भाकरी कुस्करली आणि जेवू लागले. आय आत गेली.

दादाने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर मी आजवर वाद घातला आहे. फोटोवर, हसण्यावर, आबांच्या वयावर, एसटीच्या वेळांवरसुद्धा. त्याच्या त्या 'व्हय'विषयी मात्र मी त्याला कधी काही विचारलेले नाही, आणि यापुढेही विचारणार नाही.